कैफियत, उमेदवारी आणि कसब : गणितज्ञांची तीन आत्मनिवेदने

(१)

गणितज्ञांनी स्वतःविषयी लिहिलेले वाङ्मय विपुल नाही. सिद्धता एकदा पूर्ण झाली की ती रचणाऱ्याचे वय, देश आणि मनःस्थिती या साऱ्या गोष्टी ज्या शास्त्रात अप्रस्तुत ठरतात, त्या शास्त्राच्या उपासकांना आत्मकथनाची ओढ बेताचीच असावी, हे स्वाभाविक आहे. तथापि या मोजक्या ग्रंथांचे महत्त्व त्यांच्या संख्येवरून ठरविता येणार नाही. गणित हेच आपले जीवितकार्य व्हावे अशी इच्छा धरणाऱ्या विद्यार्थ्यास प्रमेये क्रमिक पुस्तकांतून मिळतात. परंतु गणितज्ञ दिवसभर करतो तरी काय, तो घडतो कसा, अडतो कोठे आणि अडल्यावर काय करतो, या प्रश्नांची उत्तरे क्रमिक पुस्तकांत नसतात. ती शोधीत तो या आत्मनिवेदनांकडे येतो, आणि पुष्कळदा त्यांच्या आधारे स्वतःविषयीचा निर्णय करून मोकळा होतो. म्हणून या ग्रंथांचे परीक्षण केवळ वाङ्मयगुणांच्या दृष्टीने करून भागत नाही. ते वाचकास काय सांगतात आणि जे सांगतात ते कितपत खरे आहे, हेही पाहणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखात अशा तीन ग्रंथांचा परामर्श घ्यावयाचा आहे. पहिला, जी. एच. हार्डी यांचा ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ (१९४०). दुसरा, आंद्रे वेइल यांचा मूळ फ्रेंच ग्रंथ ‘सुवनीर दाप्रांतिसाज’ (१९९१), ज्याचे इंग्रजी भाषांतर १९९२ मध्ये निघाले. आणि तिसरा, पॉल हॅल्मॉस यांचा ‘आय वाँट टु बी अ मॅथेमॅटिशियन’ (१९८५). प्रत्येकाचे शीर्षकच लेखकाची भूमिका सांगून जाते. हार्डींच्या ‘अपॉलॉजी’चा अर्थ क्षमायाचना असा नव्हे, न्यायासनापुढे उभ्या राहिलेल्या माणसाने मांडलेली आपली बाजू, हा त्या शब्दाचा प्राचीन ग्रीक अर्थ येथे अभिप्रेत आहे. मराठीत त्यास ‘कैफियत’ हा शब्द चपखल बसतो. वेइल यांच्या शीर्षकातील फ्रेंच शब्द कारखान्यातील किंवा पेढीवरील ‘उमेदवारी’चा वाचक आहे. हॅल्मॉस यांचे शीर्षक साधी इच्छा व्यक्त करते, आणि ती इच्छा पुरी करण्यासाठी लागणारे कसब हा त्यांच्या ग्रंथाचा विषय आहे.

या तिहींपैकी वाङ्मय म्हणून जो ग्रंथ निःसंशय श्रेष्ठ ठरतो, तोच मार्गदर्शक म्हणून सर्वांत अविश्वसनीय आहे, आणि या अविश्वसनीयतेचे कारण त्याच्या वाङ्मयीन स्वरूपातच दडलेले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

(२)

हार्डींचा ग्रंथ आकाराने लहान आहे. एकूण २९ छोटी प्रकरणे. त्यांत दोनच सिद्धता. एक, मूळ संख्या अनंत आहेत ही युक्लिडची सिद्धता. आणि दुसरी, दोनचे वर्गमूळ अपरिमेय आहे ही. गणिताचे सौंदर्य म्हणजे काय हे सामान्य वाचकास दाखविण्यासाठी याहून समर्पक निवड करता आली नसती. वाक्ये आखूड, स्वच्छ आणि निर्भीड आहेत. कोठेही पाल्हाळ नाही, आर्जव नाही. आपल्या विषयाची प्रतिष्ठा त्याच्या उपयुक्ततेवर अवलंबून नाही, असे ज्या धीटपणाने हार्डी सांगतात त्याला तोड नाही. पूर्णांकांच्या अभ्यासाचा व्यवहारास काही उपयोग नाही हे त्यांचे मत पुढे खरे ठरले नाही. १९७७ मध्ये शोधलेली आर.एस.ए. ही गुप्तलेखनाची पद्धती मूळ संख्यांवरच उभी आहे. परंतु त्यामुळे त्यांच्या मूळ मुद्द्यास बाध येत नाही. ज्या वस्तूचा उपयोग नाही तिलाही मोल असू शकते, हे त्यांचे म्हणणे उपयोग सापडल्यावरही तितकेच खरे राहते.

मात्र हा ग्रंथ कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला ते ध्यानात ठेवले पाहिजे. १८७७ मध्ये जन्मलेले हार्डी त्या वेळी ६३ वर्षांचे होते. १९३९ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. युद्ध सुरू होते, आणि आपली सर्जनशक्ती ओसरली आहे अशी त्यांची खात्री झाली होती. गणितज्ञाने गणित करावे. त्याविषयी लिहीत बसणे हे दुय्यम दर्जाच्या बुद्धीचे काम होय, अशा अर्थाच्या खंतीनेच ग्रंथाचा आरंभ होतो. १९६७ च्या आवृत्तीस सी. पी. स्नो यांनी जोडलेल्या प्रदीर्घ प्रस्तावनेने हे दुःख अधिकच उघड केले. तात्पर्य, हा ग्रंथ म्हणजे एका थोर माणसाने आपल्या संपलेल्या कर्तृत्वावर लिहिलेले शोकगीत आहे. शोकगीताने सत्य सांगावे अशी आपली अपेक्षा असते, पण ते सत्य भावनेचे असते. हार्डी मात्र त्या भावनेला सामान्य नियमाचे रूप देतात आणि तेथेच घोटाळा होतो.

तो नियम असा : गणित हे तरुणांचे क्षेत्र आहे. याच्या पुष्ट्यर्थ ते गाल्वा, आबेल, रामानुजन् आणि रीमान यांची नावे व मृत्युसमयीची वये देतात. सिद्धतेच्या बाबतीत ज्याच्या डोळ्यांत तेल घातलेले असे त्या लेखकाच्या हातून हा युक्तिवाद सुटावा, याचे आश्चर्य वाटते. अकाली मृत्यू पावलेल्या माणसांनी तरुणपणीच काम केले, यात सिद्ध करण्यासारखे काही नाही. त्यांना अन्य वय लाभलेच नव्हते. न्यूटनने पन्नाशीच्या सुमारास गणित सोडले हे त्यांचे दुसरे उदाहरण, पण न्यूटनने आणखीही पुष्कळ गोष्टी धरल्या आणि सोडल्या.

उलट बाजूचा पुरावा दुर्मीळ नाही. फ्रान्समधील रोझे आपेरी यांनी १९७८ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, सर्व घनसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज अपरिमेय असल्याचे सिद्ध केले. यितांग झांग यांनी १९९१ मध्ये डॉक्टरेट मिळविली; त्यानंतर कित्येक वर्षे त्यांना विद्यापीठात जागा मिळाली नाही, आणि हिशेबनिसीसारखी कामे करून त्यांनी दिवस काढले. पुढे साध्या अध्यापकाच्या जागेवर असता २०१३ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी दाखवून दिले की ज्यांतील अंतर सात कोटींहून कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. तारुण्यात बुद्धीला धार अधिक असते, हे कोणी नाकारीत नाही. वेइल ज्या ‘बूर्बाकी’ मंडळाचे संस्थापक होते त्यानेही पन्नाशीनंतर सभासदाने निवृत्त व्हावे असा नियम केला होता. परंतु प्रवृत्ती वेगळी आणि नियम वेगळा. आणि विसाव्या वर्षी वाचणाऱ्याच्या कानावर तो नियम ‘तुला उशीर झाला’ अशा निकालाच्या स्वरूपात पडतो, हे विसरता कामा नये.

(३)

हार्डींच्या नियमाविरुद्ध सर्वांत बळकट साक्ष खुद्द हार्डींचीच आहे, आणि ती त्याच ग्रंथात आहे. ते प्रांजळपणे सांगतात की, लहानपणी आपल्याला गणिताची आवड अशी नव्हतीच. परीक्षांत आणि शिष्यवृत्त्यांत इतर मुलांना मागे टाकणे एवढाच हेतू होता. केंब्रिजचा ‘फेलो’ होण्याची आकांक्षा त्यांच्या मनात एका सामान्य कादंबरीने रुजविली, आणि तीतील जेवणानंतरच्या मद्याच्या व अक्रोडांच्या वर्णनाचा त्यात मोठा वाटा होता. केंब्रिजमध्ये पहिली वर्षे परीक्षेच्या तयारीत गेली. पुढे प्राध्यापक लव्ह यांनी कामील जॉर्दां यांचा विश्लेषणावरील फ्रेंच ग्रंथ वाचावयास सुचविला, तेव्हा गणित म्हणजे काय ते आपल्याला प्रथम कळले, असे ते म्हणतात. त्यानंतरही खरे कार्य सुरू व्हावयास दहाएक वर्षे लागली. लिटलवुड यांच्याबरोबरच्या सहकार्यास १९११ मध्ये आरंभ झाला तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. रामानुजन् यांचे पत्र आले १९१३ मध्ये; पूर्णांकांच्या विभाजनांवरील दोघांचा प्रसिद्ध निबंध १९१८ चा. आपण चाळिशी ओलांडल्यावर, ऑक्सफर्डला असताना, सर्वोत्तम अवस्थेत होतो, हेही त्यांनीच नमूद केले आहे. म्हणजे तारुण्याचा महिमा गाणाऱ्या या गणितज्ञाचे स्वतःचे तारुण्य परीक्षेत खर्च झाले, आणि त्याचे श्रेष्ठ कार्य प्रौढ वयात व इतरांच्या संगतीत घडले.

ही संगतीची बाब विशेष महत्त्वाची आहे. लिटलवुड यांच्याशी झालेले सहकार्य सुमारे ३५ वर्षे चालले आणि त्यातून शंभराच्या आसपास निबंध निर्माण झाले. त्या सहकार्याचे नियम हॅराल्ड बोर यांनी नोंदवून ठेवले आहेत. एकमेकांना लिहिलेले बरोबर की चूक याची क्षिती बाळगू नये. आलेले पत्र वाचण्याचे वा त्यास उत्तर देण्याचे बंधन नाही. दोघांनी एकाच तपशिलावर एकाच वेळी विचार करू नये. आणि एखाद्या निबंधात एकाचा काहीही वाटा नसला तरी तो दोघांच्या नावे प्रसिद्ध व्हावा. हे नियम विक्षिप्त वाटतात खरे; परंतु चुकण्याची भीती आणि श्रेयाचा हिशेब या संशोधनास मारक अशा दोन गोष्टी त्यांनी एकदम दूर सारल्या. हार्डी आपल्या ग्रंथात या दोन सहकाऱ्यांचा उल्लेख अभिमानाने करतात. पण ग्रंथाचा सिद्धान्त मात्र एकाकी प्रतिभेचाच राहतो. शंभरात पाच-दहा माणसांनाच एखादी गोष्ट बऱ्यापैकी करता येते, खऱ्या अर्थाने उत्तम करता येणारे तर अगदी विरळा, असे ते म्हणतात. कैफियतीच्या स्वरूपामुळे हे अटळच होते. न्यायासनापुढे ‘मी हे का केले’ असे सांगावयाचे असल्यास ‘मला एवढेच येत होते’ हेच उत्तर सर्वांत सोयीचे असते. ‘ते मला कसे येऊ लागले’ याची हकीगत तेथे गैरलागू ठरते. आणि विद्यार्थ्यास हवी असते ती नेमकी हीच हकीगत.

येथे मराठी वाचकास एका शब्दाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यास ‘रँग्लर’ म्हणत. १८९८ मध्ये हार्डी त्या यादीत चौथे आले. पुढच्याच वर्षी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ‘सीनियर रँग्लर’ झाले, तो मान एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून, आणि महाराष्ट्रात ‘रँग्लर’ ही जणू पदवीच होऊन बसली. परांजपे, महाजनी, नारळीकर यांच्या नावांमागे ती आदराने लागत आली. पारतंत्र्याच्या काळात त्या यशाने समाजास जो आत्मविश्वास दिला त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या परीक्षेचा आपण असा गौरव केला, तिचा गुणानुक्रम मोडून काढण्यासाठी हार्डी झगडले होते. ठराविक वेळात ठराविक उदाहरणे सोडविण्याचे ते कौशल्य गणिताचे नव्हे आणि त्यापायी इंग्लंडमधील गणित युरोपच्या मागे पडले, असे त्यांचे मत होते. १९०९ नंतर क्रमवार यादी बंद झाली. शिवाय त्या यादीचा न्यायही अपुराच होता. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट यांना सीनियर रँग्लरहूनही अधिक गुण मिळाले; पण स्त्री म्हणून त्यांना पदवी मिळाली नाही, आणि केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या देण्यास १९४८ साल उजाडावे लागले. ‘अपॉलॉजी’त गणितज्ञ म्हणून जो दिसतो तो सर्वत्र पुरुषच. वास्तविक ऑक्सफर्डला हार्डींच्याच मार्गदर्शनाखाली मेरी कार्टराइट यांनी डॉक्टरेट मिळविली होती, आणि १९४७ मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या सदस्य झाल्या.

रँग्लरपद आणि गणितकार्य यांतील भेद दाखविणारे एक बोलके उदाहरण आपल्याकडेच आहे. पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात शिकत असता द. रा. कापरेकर यांना १९२७ मध्ये मौलिक गणितकार्याबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. ते पुढे नाशिकजवळ देवळालीस शाळामास्तर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभले नाही. आणि तरीही ६१७४ या संख्येचा १९४९ मध्ये त्यांनी शोधलेला गुणधर्म आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. गुणानुक्रमाच्या नावाचे पारितोषिक क्रमासाठी नव्हे, तर स्वतंत्र कामासाठी दिले गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे. आणि समव्यवसायी मंडळींची जवळून संगत लाभती तर त्यांचे कार्य कोणत्या दिशेने गेले असते, हा प्रश्नही अपरिहार्य आहे.

(४)

ज्या १९४० साली हार्डी आपली कैफियत लिहीत होते, त्याच वर्षाच्या वसंतात आंद्रे वेइल लष्करी सेवा टाळल्याच्या आरोपाखाली फ्रान्समधील रूआँच्या तुरुंगात होते. तेथेच त्यांना रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाचे, सांत क्षेत्रांवरील वक्रांपुरते, रूप सिद्ध करण्याची वाट दिसली. वय ३३-३४, एकांत, बंदिवास. हार्डींच्या सिद्धान्तास याहून अनुकूल चित्र ते कोणते? परंतु वेइल यांचा ग्रंथ वाचला म्हणजे या चित्राचा अर्थ पालटतो.

त्यांच्या आठवणी १९४७ च्या सुमारास, शिकागोस जाण्यापाशी, थांबतात. तोवरचे आयुष्य म्हणजे उमेदवारी. १९२२ मध्ये, १६ व्या वर्षी, पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये प्रवेश मिळविणारा हा असामान्य बुद्धीचा मुलगा आपली चाळीस वर्षे उमेदवारीच्या खाती जमा करतो, हेच मुळी विचार करावयास लावणारे आहे. त्या उमेदवारीचे टप्पे स्पष्ट दिसतात. पहिला, थोरांचे मूळ लेखन वाचणे; क्रमिक पुस्तकांवर न थांबता विद्यार्थिदशेतच ते रीमानच्या निबंधांकडे वळले. दुसरा, आदामार यांचे कोलेज द फ्रान्समधील चर्चासत्र; तेथे दुसऱ्याच्या नव्या निबंधाचा सारांश सर्वांपुढे मांडावयाचा असे, आणि एका ठिकाणी बसून सारे गणित कसे चालले आहे याचा अदमास येत असे. तिसरा, प्रवास : रोम, गटिंगेन, फ्रँकफुर्ट. चौथा, अध्यापन. १९३० मध्ये ते अलीगढला प्राध्यापक म्हणून आले ते संस्कृताच्या आणि गीतेच्या ओढीने. ऑक्सफर्डला हार्डींच्या हाताखाली काम केलेले टी. विजयराघवन आणि हार्वर्डहून परतलेले, मूळचे गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी यांना त्यांनी तेथे आणले. ‘बूर्बाकी’ या काल्पनिक नावाचा विनोदाने उल्लेख करणारा, मुद्रित स्वरूपातील पहिला निबंध १९३१ मध्ये लिहिला तो कोसंबींनी. वेइल यांची अलीगढची कारकीर्द १९३२ मध्ये संपली, परंतु ते नाव राहिले. पुढे स्ट्रासबुर्गला कलनशास्त्र कसे शिकवावे यावर आंरी कार्तां यांच्या प्रश्नांना उत्तरे देता देता, समवयस्क मित्रांनी एकत्र बसून हा विषय एकदाचा निकालात काढावा अशी कल्पना १९३४ च्या अखेरीस निघाली; तीतूनच बूर्बाकी मंडळ उभे राहिले. विसाव्या शतकातील गणितलेखनास वळण लावणारे हे कार्य वर्गात काय शिकवावे या साध्या प्रश्नातून जन्मले, ही गोष्ट अध्यापन आणि संशोधन यांत भिंत घालणाऱ्यांनी ध्यानी घ्यावी.

आता तुरुंगातील प्रसंग पाहावा. वेइल यांनी सिद्धतेची घोषणा १९४० मध्ये केली, पण तिच्यासाठी लागणारा पाया अस्तित्वात नव्हता. तो घालण्यासाठी बैजिक भूमितीवरील स्वतंत्र ग्रंथ त्यांना लिहावा लागला; तो १९४६ मध्ये आला, आणि पूर्ण सिद्धता १९४८ मध्ये. वाट दिसली एका वसंतात. ती बांधून काढण्यास आठ वर्षे लागली. त्याच तुरुंगातून आपली बहीण, विचारवंत सिमोन वेइल, हिला लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्यांनी गणिती कामात साधर्म्याची भूमिका काय असते, दोन दूरच्या प्रांतांतील अस्पष्ट सारखेपणा संशोधकास कसा खुणावतो, याचे विवेचन केले आहे. प्रतिभेचा चमत्कार म्हणून जे दिसते त्याच्या मागे वाचन, चर्चा आणि साधर्म्याचा दीर्घ पाठलाग असतो, याचा इतका स्पष्ट दाखला अन्यत्र क्वचितच मिळेल.

एका बाबतीत मात्र हा ग्रंथ हात आखडता घेतो. प्रबंधाच्या वेळी आदामार यांनी त्यांना अर्ध्या निष्कर्षावर समाधान न मानता मॉर्डेलचे संपूर्ण अनुमान सिद्ध करण्याचा सल्ला दिला होता. वेइल यांनी तो मानला नाही. १९२८ मध्ये हाती होते ते प्रसिद्ध केले. ते अनुमान १९८३ मध्ये फाल्टिंग्स यांनी सिद्ध केले. निर्णय शहाणपणाचा होता हे उघड आहे. परंतु कोठे थांबावे हे तरुण संशोधकाने कसे ओळखावे, या अत्यंत अवघड प्रश्नावर लेखक फार थोडे बोलतात. नेमकी येथेच त्यांची वाक्ये आखडतात आणि स्वर किंचित गर्विष्ठ होतो. अपयशाचे, निष्फळ महिन्यांचे वर्णन जवळजवळ नाहीच. उमेदवारीचा पट त्यांनी उत्तम रंगविला; उमेदवाराचा घाम मात्र पुसून टाकला.

(५)

ही उणीव हॅल्मॉस भरून काढतात. त्यांचा ग्रंथ दीर्घ, गप्पिष्ट आणि काही ठिकाणी विस्कळीत आहे. माणसांना श्रेण्या लावण्याची त्यांची हौस वाचकास कंटाळा आणते, आणि हार्डींच्या भाषेचे तेज तर त्यात मुळीच नाही. परंतु गणितज्ञाचा दिवस कसा जातो हे जाणून घ्यावयाचे असेल तर हाच ग्रंथ उघडला पाहिजे. बुडापेस्टला १९१६ मध्ये जन्मलेले हॅल्मॉस १३ व्या वर्षी अमेरिकेस आले. विद्यापीठात त्यांनी आधी रसायन-अभियांत्रिकी धरली आणि सोडली. तत्त्वज्ञानाच्या पदव्युत्तर तोंडी परीक्षेत नापास झाले, तेव्हा ते गणिताकडे वळले. आणि पदवी हाती पडून गेल्यावर, १९३६ मधील एका दुपारी, वॉरन अँब्रोज या मित्राशी बोलता बोलता, सीमेच्या व्याख्येतील एप्सिलॉन म्हणजे काय ते त्यांना प्रथमच कळले. त्या क्षणापासून आपण गणितज्ञ झालो, असे ते मानतात.

या कबुलीचे मोल फार मोठे आहे. सीमेची ती व्याख्या आपल्या पदवी वर्गांत शेकडो विद्यार्थी पाठ करतात. न समजल्याची लाज बाळगून गप्प राहतात. आणि गणित आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष काढतात. ज्याच्या सदिश अवकाशांवरील १९४२ च्या पुस्तकावर कित्येक पिढ्या शिकल्या, त्या लेखकासही ती व्याख्या उशिरा आणि मित्राच्या संभाषणातून उमगली, हे त्यांस कोणी सांगितले पाहिजे.

१९३८ मध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर हॅल्मॉस यांनी शंभराहून अधिक ठिकाणी अर्ज पाठविले, आणि त्यांतून काहीही निष्पन्न झाले नाही. पुढे मिळालेली नोकरी सोडून, वडिलांकडून हजार डॉलर उसने घेऊन ते प्रिन्स्टनला गेले, कारण अँब्रोज तेथे निघाला होता. तेथेच पुढे ते फॉन नॉयमन यांचे साहाय्यक झाले. पुस्तक कसे वाचावे (लेखकाशी वाद घालीत, स्वतःची उदाहरणे रचीत), व्याख्यान कसे द्यावे, विद्यार्थ्यास कसे मार्गदर्शन करावे, विभागाचे प्रमुखपद कसे सांभाळावे, या गोष्टी हार्डींच्या दृष्टीने ग्रंथात येण्याच्या योग्यतेच्याच नव्हत्या. हॅल्मॉस त्यांना प्रकरणे देतात. स्वतःस ते थोरांच्या पंक्तीस बसवीत नाहीत, आणि म्हणूनच थोर नसलेल्या परंतु प्रामाणिक गणितज्ञाचे जीवन अर्थपूर्ण असू शकते, हे दाखविण्याची पात्रता या तिघांत त्यांच्याच ठायी आहे.

(६)

तीन ग्रंथांच्या या तुलनेतून जे हाती येते ते असे. ‘माझ्यात गणितज्ञ होण्याची प्रतिभा आहे काय?’ हा हार्डींचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आरंभी कोणालाच देता येत नाही. खुद्द हार्डींनाही विसाव्या वर्षी ते देता आले नसते. ‘मी कोणाबरोबर आणि काय वाचीत आहे? कोणाला प्रश्न विचारीत आहे? न समजलेले समजले नाही असे म्हणण्याची मला मुभा आहे काय?’ हे वेइल आणि हॅल्मॉस यांच्या आयुष्यांतून निघणारे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे आजही देता येतात. पहिला प्रश्न निकाल मागतो. दुसरे प्रश्न काम सांगतात.

हे केवळ परदेशी उदाहरणांवरून म्हणावयाचे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्थापना १९४५ मध्ये झाली, आणि १९४९ पासून के. चंद्रशेखरन् यांनी तेथे गणिताचे विद्यालय उभारण्यास आरंभ केला. जगातील नामवंत गणितज्ञांना व्याख्यानांसाठी बोलवावे, आणि त्या व्याख्यानांच्या टिपणांचे संपादन तरुण विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे, असा तेथील परिपाठ होता. लोराँ श्वार्त्झ यांच्या व्याख्यानांची १९५५ मधील टिपणे एम. एस. नरसिंहन् या अवघ्या विशीतील संशोधकाने सिद्ध केली. दुसऱ्याचे विवेचन स्वतःच्या हाताने लिहून काढणे, त्यातील फटी बुजविणे आणि ते छापण्यायोग्य करणे ही उमेदवारीच होय. नरसिंहन् आणि सी. एस. शेषाद्री हे दोघे मद्रासच्या लॉयोला महाविद्यालयात फादर रासीन यांच्या हाताखाली शिकून १९५३ मध्ये मुंबईस आले होते. एकमेकांना शिकवीत, पुढे पॅरिसला राहून आणि परत येऊन त्यांनी १९६५ मध्ये जे प्रमेय प्रसिद्ध केले, ते आज त्या दोघांच्या नावाने ओळखले जाते. आणि त्याचे मूळ वेइल यांच्या १९३८ च्या एका निबंधात आहे. हे दोघे प्रतिभावंत होते यात शंका नाही. परंतु त्या प्रतिभेस ज्या व्यवस्थेने दिशा दिली, ती विचारपूर्वक निर्माण केलेली होती. याच्या उलट, शिकण्याच्या ऐन वयातील पाच वर्षे एकट्याने, मार्गदर्शनावाचून गेली, ही रामानुजन् यांची खरी शोकान्तिका होय, असे हार्डींनीच अन्यत्र म्हटले आहे. तेथे त्यांनी जे अचूक ओळखले, ते ‘अपॉलॉजी’त मांडले असते तर तो ग्रंथ कदाचित कमी सुंदर झाला असता, पण अधिक खरा झाला असता.

तेव्हा ‘अपॉलॉजी’ वाचू नये काय? तसे म्हणणे हा करंटेपणा ठरेल. गणिताच्या सौंदर्याची साक्ष म्हणून तो ग्रंथ प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. मात्र तो कैफियत म्हणून वाचावा, निकालपत्र म्हणून नव्हे. आणि तो त्याच्या हाती देणाऱ्या अध्यापकाने त्यासोबत वेइल आणि हॅल्मॉस हेही ठेवावेत. त्याहूनही बरे म्हणजे, विभागातच आदामार यांच्या चर्चासत्रासारखी एक जागा असावी, जेथे आठवड्यातून एकदा विद्यार्थी दुसऱ्याचा निबंध मांडील, अडेल, आणि अडला म्हणून कोणी त्याचा गुणानुक्रम लावणार नाही. गणितज्ञ होण्याची तयारी अशाच ठिकाणी होते. तेथे बसलेल्यांपैकी कोण पुढे मोठा होईल हे सांगण्याची घाई आपण करू नये. ते सांगता येत नाही, आणि सांगावे लागतही नाही.